पिवळा रंग शेवटच्या पानावर

९ मे, रावेर

भुसावळला गाडी बदलली. तापीचा पूल मागे पडला की डाव्या हाताला सातपुडा उभा राहतो आणि रुळांच्या दोन्ही अंगांना केळी सुरू होतात. बाकीचं रान मे महिन्यात पार भाजून निघालेलं असतं, त्यामुळे ही हिरवी शेतं फार गडद दिसतात. खिडकीत बसून स्केचबुकात रेषा मारत आले. धावत्या गाडीतून तपशील हाती लागत नाही, आकार तेवढे लागतात: डोंगराची आडवी लांब रेष, तिच्याखाली खोडांच्या उभ्या रांगा आणि वर वाऱ्याने चिरलेली पानं. शाळेत असताना रोज बघूनही केळीच्या बागेत एवढ्या उभ्या रेषा आहेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तीन वर्षं मुंबईत चित्रं काढल्यावर ते दिसलं.

सुट्टीनंतर जेजेत, मुंबईच्या कला महाविद्यालयात, चौथं वर्ष. उपयोजित कलेत शेवटी एक ऐच्छिक विषय धरावा लागतो, मी इलस्ट्रेशन धरलं. वर्गातले बरेच जण जाहिरात आणि ॲनिमेशनकडे वळले. जाताना एका चित्रपुस्तकाची डमी सोबत न्यायची आहे. सोळा पानांचा एक फॉर्म, दोन फॉर्म मिळून ३२ पानं. गोष्ट आपली आपण निवडायची.

माझी गोष्ट ठरली आहे: रावेरची केळी दिल्लीला जाते.

घरी आल्या आल्या पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "रोज जाते ती. तिची काय गोष्ट?" हेच मला शोधायचं आहे.

१० मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)

माहेरवाशिणी आल्या आहेत. निंबाला झोका बांधलाय. दोन्ही आत्या आणि त्यांच्या मुली सकाळपासून अंगणातच. मी मात्र चुलीपाशी ठाण मांडून बसले, कारण काकू मांडे करणार होती.

खापरावरची पुरणपोळी काढायची म्हटलं की आधी हात बघावे लागतात. पुरण भरलेला गोळा थापून झाला की काकू तो दोन्ही हातांवर घेते आणि फिरवायला लागते. तळहातांवरून मनगटांवर, मनगटांवरून कोपरापर्यंत तो पसरत जातो. बोटं कुठेच दाबत नाहीत, नुसती खालून सरकतात. कणकेला आपल्याच वजनाने ताण बसतो. मग एका झोक्यात मांडा उपड्या खापरावर पडतो. मध्येच थांबावं तर फाटतो, म्हणून काकूला "जरा थांब" म्हणायची सोयच नाही. आमचे मुंबईचे सर जलद रेखाटनाच्या तासाला सांगतात, की हालचालीचं चित्र काढताना वजन कुठे आहे ते आधी पकडा. इथे ते कोपरात होतं. चेहरा सोडला, लुगडं सोडलं, फक्त खांद्यापासून बोटांपर्यंतच्या रेषा काढत गेले. एकाच पानावर काकूचे सात-आठ हात झाले, एकातून दुसरा निघालेला.

आजीने पान बघितलं आणि म्हणाली, "हे काय काढलं वं? एवढे हात तर देवीलेही नसतीन." मग तिने स्वतःच पानावर बोट फिरवलं आणि कुठला हात आधीचा, कुठला नंतरचा हे बरोबर सांगितलं. खाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

रात्री धुरंधरांची आठवण झाली. महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापूरहून जेजेत शिकायला आले, पुढे तिथेच शिक्षक झाले. श्रावणातल्या आपल्या कहाण्या किंकेडने इंग्रजीत आणल्या, ते पुस्तक १९१४ साली निघालं आणि त्याची चित्रं धुरंधरांची आहेत. लुगडं कसं नेसलंय, पदर कुठून घेतलाय, घागर कुठल्या कमरेवर टेकलीय, यावरून बाई कोणत्या घरची हे त्यांच्या चित्रात कळतं. पुस्तकातल्या चित्राला हा शहाणपणा लागतोच. नुसतं "एक स्त्री" काढून चालत नाही.

१३ मे

आज मतदान. उन्हाच्या आत जाऊन आलो. रांगेत वही काढायची नव्हती, म्हणून घरी येऊन आठवेल तसं काढलं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर असतो, सीईटीलाही असतो, आणि पोरं पाठ केलेला बाजार, पाठ केलेलं बसस्टँड उतरवून मोकळी होतात. खरं तर इलस्ट्रेटरला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा तोच विषय. गोष्टीतला माणूस समोर बसलेला नसतो, तो आठवणीतूनच आणावा लागतो.

१४ मे

शाळेतल्या चित्रकलेच्या सरांकडे गेले. ते आता निवृत्त आहेत. त्यांच्या जागी पूर्णवेळ कोणी आलेलं नाही. इंटरमिजिएटच्या आधी रविवारी सकाळी घरी बोलावून ते आम्हाला वस्तुचित्र शिकवायचे. तांब्या, वांगं, घडी घातलेलं कापड. सावली काळी नसते, तिच्यातही रंग असतो, हे मला पहिल्यांदा त्यांनी दाखवलं. त्यांनी नेट लावलं नसतं तर रावेरहून जेजेपर्यंतची वाट मला कोणी सांगितली असती, कोण जाणे. ज्या शाळेत चित्रकलेचा माणूस नाही, तिथल्या मुलांना अशी काही वाट असते हेच कळत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सरांनी एक प्रश्न टाकला. आर. के. लक्ष्मणना जेजेने प्रवेश नाकारला होता, आणि नंतर ते टाइम्सच्या इमारतीत बसून आयुष्यभर चित्रं काढत राहिले. वसंत सरवटे पेशाने इंजिनिअर, सिमेंटच्या कंपनीत नोकरी केली आणि 'बटाट्याची चाळ'ची चित्रं काढली. मग तुम्ही चार वर्षं तिथे काय करता?

मी उत्तर दिलं ते असं. लक्ष्मण आणि सरवटे यांना जी नजर आपली आपण कमवावी लागली, ती आम्हाला एकमेकांच्या पानांवरून मिळते. वर्गाच्या भिंतीवर तीसेक जणांची रफ लागतात. विषय एकच, गोष्ट एकच. कोणी राक्षस मोठा काढलेला, कोणी फक्त त्याची सावली काढलेली, कोणी राक्षसाला बघणाऱ्या मुलाची मान काढलेली. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की कळतं, चित्र काढण्याआधी एक निवड असते आणि ती वाचण्यातून येते. हात चांगला असलेली पोरं गावोगाव आहेत. निवड करायला शिकवणारी भिंत गावोगाव नाही.

सर बराच वेळ गप्प होते. मग उठून त्यांनी माळ्यावरून जुने दिवाळी अंक काढले. त्यात दीनानाथ दलालांचा 'दीपावली' होता. दलाल मडगावचे, १९१६चा जन्म. जेजेत शिकले आणि १९४५ साली स्वतःचा अंक काढला. कथेच्या शीर्षकाची अक्षरंही त्यांनी चित्रातच गुंफलेली असतात, त्यामुळे वाचायला सुरुवात करायच्या आधीच डोळा कथेत शिरलेला असतो. छपाई दोन रंगांत, म्हणून चित्रंही दोनच रंगांत विचार करून काढलेली. सरांनी अंक घरी न्यायला दिले. कागद पिवळा पडून कडांना तुटतोय, पण रेष अजून ताजी आहे.

१६ मे

पहाटे शेतात कापणी होती. ऊन चढायच्या आत आटपावं लागतं.

हे नीट लिहून ठेवते, कारण पुस्तकाचा गाभा हाच आहे. दोघांची जोडी असते. एक कापणारा, एक झेलणारा. कापणारा विळ्याने खोडावर अर्धवट घाव घालतो. केळीचं खोड म्हणजे पानांच्या देठांचे थर, आत पाणीच पाणी, त्यामुळे घाव बसला की झाड हळूहळू वाकतं. आपोआप घड खांद्याच्या उंचीवर येतो. झेलणारा तोवर खाली जाऊन उभा असतो, खांद्यावर कापडाची घडी. घड खांद्यावर टेकला की वरचा दांडा कापतात. वीस-पंचवीस किलोचं वजन येतं, तेव्हा तो गुडघ्यात किंचित वाकतो आणि लगेच चालायला लागतो. वाकणं आणि चालणं एकच. घड जमिनीला लागू द्यायचा नाही, फळाला डाग पडला की भाव पडतो.

दांडा कापला की चीक गळतो. बघताना पाण्यासारखा, पण कपड्यावर वाळला की तपकिरी-काळा डाग, जो कुठल्याच साबणाने जात नाही. झेलणाऱ्या भाऊंच्या सदऱ्याचा उजवा खांदा पूर्ण काळा होता, डावा तसाच निळा. मी त्यांना विचारलं, सदऱ्याचं चित्र काढू का? ते म्हणाले, "काढा ना ताई, पण हा कामाचा हाय. लग्नाचा येगळा हाय." म्हणून दोन्ही काढायचे ठरवले. पहिल्या पानावर घरून निघताना खुंटीला टांगलेला स्वच्छ सदरा, अंगात डागाचा. तो काळा खांदा हीच त्या माणसाची ओळख. ३२ पानांत तो कुठेही असला तरी मुलांना सापडेल.

घड लोंबतो खाली, पण त्यातली एकेक केळी मात्र वर वळलेली असते, उजेडाकडे. शेंड्याला जांभळं केळफूल. फण्या वरून खाली लहान होत जातात. हे सगळं जवळ बसून काढलं. बाया फण्या वेगळ्या करून तुरटीच्या पाण्यात धुवत होत्या. चीक निघून जावा म्हणून. पाण्यात बुडालेल्या हिरव्याचा रंग आणि बाहेरच्या हिरव्याचा रंग यांत फरक आहे. तो जलरंगात आणता येईल का, बघायचं.

त्यांतल्या एका मावशींची मुलगी, आठ-नऊ वर्षांची, पूर्ण वेळ माझ्या मागे उभी होती. ही मंडळी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची, घरात पावरी बोलतात. ती काहीच बोलली नाही. पान उलटलं की पुढे येऊन बघायची.

१७ मे

कालपासून रंगाचा विचार करतेय. मुळाक्षरांच्या तक्त्यावर, वहीच्या कव्हरवर, सगळीकडे केळं पिवळं. पण आमच्याकडे पिवळं केळं शेतात दिसतच नाही. घड हिरवा कापतात, हिरवाच भरतात, ट्रकमध्ये केळीच्याच पानांची गादी घालून हिरवाच पाठवतात. पिकतो तो बाजाराच्या गावी. रावेर, सावदा, निंभोऱ्याहून पूर्वी रेल्वेच्या डब्यांतून माल जायचा, तेव्हाही हिरवाच. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण देशाच्या डोक्यात केळीचा जो रंग आहे तो जळगावच्या शेतातला नाही.

तेव्हा पुस्तकात पिवळा रंग शेवटच्या पानापर्यंत वापरायचाच नाही. ऊनसुद्धा पिवळं नाही, पांढरं. मे महिन्यातलं इथलं ऊन तसंही पांढरंच असतं. हिरवा, तपकिरी, काळा आणि कागदाचा पांढरा. दलालांना छापखान्याने दोन रंग दिले होते, मी स्वतःहून चार घेते.

आज एवढंच. लाइट नाही.

१९ मे, फैजपूर

काकांची गाडी निघाली होती, बसले. मला ती जागा बघायची होती जिथे १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. साने गुरुजींनी खानदेशात त्यासाठी पायपीट केली. हे शाळेत शिकलो. शाळेत न शिकलेली गोष्ट अशी, की अधिवेशनाची नगरी, टिळकनगर, सजवायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोसांना बोलावलं होतं. बांबू आणि या मातीत सापडेल त्या साहित्यातून त्यांनी ती उभी केली.

मला नंदलाल इलस्ट्रेटर म्हणून जवळचे वाटतात. १९३० साली रवींद्रनाथांनी बंगाली मुलांसाठी 'सहज पाठ' लिहिलं, त्याची लिनोकटची चित्रं नंदलालांची: काळ्या ठोकळ्यातून कोरून काढलेली माणसं, झाडं, गाय. पुढे संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची पानं त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सजवली. पोरांची पहिलीची पाटी आणि देशाचं संविधान, दोन्ही कामं एकाच माणसाकडे, आणि दोन्हींत चित्र मजकुराच्या बाजूला उभं राहून त्याला जागा देतं. हा माणूस आमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आतल्या गावी येऊन बांबूचं काम करून गेला! मी हे मुंबईच्या ग्रंथालयात वाचलं तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला होता. रावेर-यावलच्या प्रत्येक शाळेत मुलांना हे सांगायला हवं.

२४ मे, अजिंठा

पप्पा आणि मी. फाट्यावर गाडी लावून पुढे लेण्यांच्या बसने. दहाच्या आत पोचलो तरी कातळ तापायला लागला होता.

आधी दहावं लेणं. १८१९च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या खांबावर स्वतःचं नाव खरडलं. मग सरळ सतरावं, आणि तिथेच दुपार केली.

विश्वंतराची जातककथा. हा राजपुत्र इतका दानशूर, की पाऊस आणणारा हत्ती देऊन टाकतो, त्यापायी वनवास भोगतो आणि शेवटी स्वतःची मुलंही एका याचकाला देतो. तो याचक, जूजक, चित्रात ओळखू येतो: बोकडासारखी दाढी, पडलेले दात, पुढे आलेली हनुवटी. पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने त्याचा चेहरा एकदा ठरवला आणि भिंतीवर तो पुन्हा दिसला की बघणाऱ्याला कळतं, आला तोच. माझ्या काळ्या खांद्याच्या भाऊंचं काम त्याने केव्हाच करून ठेवलंय.

पण खरी शिकवण वेगळीच. इथल्या कित्येक गोष्टी काळाच्या क्रमाने मांडलेल्या नाहीत, जागेच्या क्रमाने आहेत. राजवाड्यात जे जे घडतं ते राजवाड्यापाशी, अरण्यात जे घडतं ते अरण्यात, मग मध्ये कितीही दिवस गेलेले असोत. चौकटींविना पसरलेल्या एकाच भिंतीवर तोच माणूस पुन्हा पुन्हा येतो. डोळ्याने भिंतीत चालत फिरायचं आणि गोष्ट आपली आपण जुळवायची. पप्पांनी मुलांचं दान शोधून काढलं आणि मग हत्ती कुठे ते मला विचारलं. ते माझ्याआधी तिथे पोचले होते.

जेजेचे ग्रिफिथ्स १८७२ पासून बरीच वर्षं आपले विद्यार्थी घेऊन इथे येत होते. पेस्तनजी बोमनजींसारखी मुलं या अंधारात मचाणावर बसून नकला करायची. त्यांतल्या बऱ्याच नकला पुढे १८८५ला लंडनच्या आगीत गेल्या. रॉबर्ट गिलच्या त्याआधीच्या नकलाही तिथेच, १८६६च्या आगीत. ग्रिफिथ्सने भिंतींना लावलेल्या वार्निशने चित्रांचं नुकसान केलं हेही खरं. पण त्या पोरांचा विचार मनातून जात नाही. आमच्या कॉलेजची, दीडशे वर्षांपूर्वीची मुलं, आमच्याच भागात, कंदिलाच्या उजेडात रेष शिकत होती. नक्कल जळाली तरी काढणाऱ्याच्या हातात रेष राहिली असणार. पुढे ती त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना दिली, ती फिरत फिरत आमच्यापर्यंत आली असेल, असं मला वाटतं.

परतताना पप्पा म्हणाले, "तुझं पुस्तक असंच कर ना. शेतात पहाट पण आहे, दुपार पण आहे." बसमध्येच पहिली रूपरेषा काढली.

२७ मे

थंबनेल संपले. पुस्तक जागेप्रमाणे बसवलं: बाग, बांध, धुण्याचा हौद, रस्ता, ढाबा, दिल्लीची आझादपूर मंडी, हातगाडी. प्रत्येक जागेला एक जोडपान, आणि त्या जोडपानात दिवसभरातलं सगळं एकदम. बागेच्या पानावर पहाटे कापणारा डावीकडे आणि दुपारी सावलीत भाकरी खाणारा तोच उजवीकडे. मधल्या शिवणीत काही महत्त्वाचं जाणार नाही एवढं बघितलं. मजकूर अगदी थोडा. जे दिसतंय ते शब्दांत सांगायचं नाही. वास, आवाज, चिकाची चिकचिक, उन्हाचा चटका, एवढ्यापुरतेच शब्द.

एक जोडपान मुद्दाम कोरं ठेवलंय. मंडी आणि हातगाडी यांच्यामध्ये.

१ जून

डमी शिवून शेतात नेली. कापणी पलीकडच्या बागेत होती, पण ती मुलगी दिसली. तिच्या हातात दिली. शब्द अजून चिकटवलेले नव्हते.

ती बांधावर बसली आणि पहिल्या पानापासून मोठ्याने सांगायला लागली, पावरीत. मला सगळं कळलं नाही. तिच्या आईने हसत हसत मराठीत सांगितलं. मुलीच्या गोष्टीत ट्रकचा ड्रायव्हर तिचा मामा होता आणि ढाब्यावर त्याने दोनदा चहा घेतला. चहा मी काढलेला नाही. एक कप काढलाय, बाकावर, रिकामा. तिने सदऱ्याचा काळा खांदा प्रत्येक पानावर शोधला. जिथे भाऊ नव्हते तिथे, मंडीच्या पानावर, तिने बोट ठेवून विचारलं, ते कुठे गेले? आईने सांगितलं, ते दिल्लीला जात नाहीत, माल जातो. ती थोडा वेळ त्या पानावर थांबली.

मग कोरं जोडपान आलं, आणि त्यानंतर हातगाडीवरची पिवळी केळी. ती मागे गेली, पुन्हा पुढे आली. "पिवळी कवा झाली?"

संध्याकाळी पप्पांना विचारलं. रायपनिंग चेंबरमध्ये सोळा-अठरा अंशांत, इथिलीन सोडून, चार-पाच दिवसांत. व्यापाऱ्यांकडे त्याचा रंगतक्ताही असतो, सात पायऱ्यांचा: पूर्ण हिरव्यापासून पिवळ्यावर तपकिरी ठिपके येईपर्यंत. म्हणजे माझं कोरं जोडपान तयारच आहे, त्याला सात रंग लागतील, आणि पिवळा मला शेवटच्या पानाच्या थोडा आधी आणावा लागेल. पण तो तक्ता छापील बघून काढायचा नाही. आत, त्या गारव्यात, लाइटच्या उजेडात हिरवा कसा फिकटतो ते बघून काढायचा. सावद्यालाही असं चेंबर असलेले ओळखीचे एक आहेत, पप्पांनी त्यांना फोन केलाय. उद्या सकाळी साडेसातला निघायचं, जलरंगाची पेटी आणि स्वेटर घेऊन.